धुण्याचा सोडा : लोणारच्या खारापासून घरच्या मोरीपर्यंत

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर आज उल्कापाताने निर्माण झालेल्या विवरासाठी जगप्रसिद्ध आहे. परंतु उल्केची कल्पना कोणाच्या मनात येण्यापूर्वी कित्येक शतके या स्थळाची ख्याती सर्वस्वी निराळ्या कारणासाठी होती. साबण आणि काच बनविण्यास लागणारे पदार्थ येथे मिळतात, अशी नोंद सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'ऐने अकबरी'त करून ठेवली आहे. सरोवराच्या काठावर आणि तळाशी साचणारा खार गोळा करून विकण्याचा व्यवसाय इंग्रजी अमदानीतही चालू होता. या खाराच्या प्रतींना दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी स्वतंत्र नावे होती. कपडे धुणे, रंगकाम, साबण आणि काचेच्या बांगड्या अशा नाना कामांसाठी तो वापरला जाई. आज किराणा दुकानात 'धुण्याचा सोडा' म्हणून जी पांढरी भुकटी मिळते ती आणि लोणारच्या खाराला धुण्याचा गुण देणारा घटक ही दोन्ही एकच, म्हणजे सोडियम कार्बोनेट होय.

घरातील साफसफाईच्या उत्पादनांची सध्या इतकी गर्दी झाली आहे की ओट्यासाठी एक, फरशीसाठी दुसरे, काचेसाठी तिसरे आणि चिमणीच्या जाळीसाठी चौथे अशा बाटल्यांनी मोरीचा कोनाडा भरून जातो. प्रत्येक बाटलीवरील दावा वेगळा असतो. आतील द्रव्ये मात्र मोजक्या चार कुळांत बसतात. तेलकटपणा सोडविणारे अल्क, क्षारांचे थर विरघळविणारे आम्ल, पाण्याला तेलाशी जोडून देणारे फेनक म्हणजे साबण व डिटर्जंट, आणि रंग घालविणारे व जंतू मारणारे विरंजक. ही चार कुळे ओळखता आली की कोणतेही नवे उत्पादन घरच्या घरी पारखता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्यातील कोणती दोन एकत्र आणू नयेत हेही कळते. अल्कांचा परिचय करून घेण्यास लोणारच्या खाराइतके सोपे उदाहरण नाही.

लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून ते दख्खनच्या काळ्या पाषाणात खोदले गेले आहे. विवरात पाणी येते, पण बाहेर पडण्यास वाट नाही. बेसॉल्ट खडकाची झीज होताना सुटलेले सोडियम आणि बायकार्बोनेट पाण्याबरोबर आत येतात आणि उन्हाने पाणी उडून गेले की मागे राहतात. कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने आधीच तळाशी बसते. उरते ते सोड्याचे आणि मिठाचे पाणी. त्याचा सामू साधारणपणे १० च्या आसपास नोंदला गेला आहे, म्हणजे शुद्ध पाण्याच्या ७ या मध्यबिंदूपेक्षा तो बराच वर आहे. सामूची मोजपट्टी दर पायरीला दहापटीने वाढते, हे लक्षात घेतले म्हणजे या तीन पायऱ्यांचा अर्थ ध्यानात येतो. जून २०२० मध्ये हे पाणी अकस्मात गुलाबी झाले तेव्हा देशभर कुतूहल निर्माण झाले होते. खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव त्याला कारणीभूत असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील तपासणीत आढळले.

खार देणारे लोणार हे एकच ठिकाण नव्हे. चुलीची राख हाही त्याच जातीचा पदार्थ. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते आणि ते सोड्यासारखेच काम करते. म्हणूनच आजीच्या काळातील तेलकट पातेले राख आणि काथ्याने लख्ख निघत असे. राखेचा बारीक कण घासतो आणि तिच्यातील अल्क तेलाचा अंशतः साबण करून टाकतो. सज्जीखार आणि पापडखारही याच घराण्यातले. खार चुन्याच्या निवळीत मिसळला की कॉस्टिक सोडा तयार होतो आणि त्यात तेल शिजविले की साबण होतो, ही देशी साबणकाराची जुनी रीत. पुढे युरोपात खाराची मागणी एवढी वाढली की १७९१ मध्ये निकोलास लब्लांने मिठापासून सोडा करण्याची कृती शोधली. १८६० नंतर बेल्जियमच्या एर्नेस्ट सॉल्व्हेने त्याहून स्वस्त पद्धत आणली. भारतात मिठापूर येथे १९३९ मध्ये स्थापन झालेल्या टाटा केमिकल्सने सोड्याचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर सुरू केले. नैसर्गिक खाराची सद्दी अशा रीतीने संपुष्टात आली.

धुण्याच्या सोड्याचे बाजारात दोन अवतार आढळतात. एक पारदर्शक खड्यांचा आणि दुसरा भुकटीचा. खड्याच्या वजनात सुमारे ६३ टक्के पाणीच असते. खडे उघडे ठेवले तर हे पाणी हळूहळू उडून जाते आणि त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते. त्यामुळे सोडा 'खराब' झाला असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तो अधिक तीव्र झालेला असतो. निर्जल भुकटीचा एक चमचा आणि खड्यांचा एक चमचा यांत वजनावारी पावणेतीन पटींचा फरक पडू शकतो. शेजारणीने सांगितलेले 'दोन चमचे' आपल्या घरी हाताची आग करतात, त्याचे कारण बहुधा हेच असते. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट हा त्याचा सौम्य भाऊ. त्याच्या द्रावणाचा सामू सव्वाआठच्या आसपास, तर धुण्याच्या सोड्याचा ११ च्या घरात असतो. मोरीचा नळ तुंबल्यावर टाकतात तो कॉस्टिक सोडा मात्र फार वेगळा. तो कातडीला भाजतो, डोळ्यात गेल्यास दृष्टी घेऊ शकतो आणि पाण्यात पडताच उकळी फुटेल इतकी उष्णता निर्माण करतो. तिघांच्या नावात 'सोडा' असला तरी एकाच्या जागी दुसरा वापरणे म्हणजे काडेपेटीच्या जागी फटाका वापरण्यासारखे आहे.

एखादे उत्पादन अल्क आहे की आम्ल, हे ओळखण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. हळद पुरेशी आहे. कागदाच्या पांढऱ्या पट्टीवर हळदीचे दाट पाणी लावून ती वाळवावी आणि तीवर उत्पादनाच्या द्रावणाचा एक थेंब टाकावा. पट्टी लाल झाली तर द्रव्य अल्क आहे. पिवळीच राहिली तर ते उदासीन किंवा आम्ल आहे. भाजीच्या रश्श्याचा डाग साबण लागताच लाल होतो, ही प्रत्येक घरातील ओळखीची घटना याच कारणाने घडते. त्या क्षणी घाबरून जोरात घासणाऱ्यांनी थोडा धीर धरावा. भरपूर पाण्याने अल्क निघून गेला की डाग पुन्हा पिवळा होतो आणि उरलेला पिवळेपणा उन्हात वाळविल्याने फिका पडत जातो. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे त्याचे मर्म.

सोड्याची खरी परीक्षा होते ती जड पाण्यात. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असले की साबण त्यांच्याशी संयोग पावतो आणि फेसाऐवजी पांढरा चोथा तयार होतो. बादलीच्या काठावर बसणारी चिकट कड तीच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला जातो. कूपनलिकेवर अवलंबून असलेल्या वसाहतींत या मर्यादेच्या वरच्या टोकाचे पाणी येणे नवलाचे नाही. अशा ६०० मिलिग्रॅमच्या पाण्याची १५ लिटरची बादली घेतली तर तिच्यात जडपणाचे नऊ ग्रॅम क्षार असतात. ते निष्प्रभ करण्यास निर्जल सोड्याचे साडेनऊ ग्रॅम, म्हणजे साधारण दोन लहान चमचे लागतात. खड्यांचा सोडा असेल तर पंचवीस-सव्वीस ग्रॅम. एवढा सोडा आधी घालून पाणी थोडा वेळ ठेवले तर कॅल्शियमचा बराच भाग तळाशी बसतो आणि साबण कमी लागतो. मॅग्नेशियम मात्र इतक्या सहजी वठणीवर येत नाही.

हा हिशेब घरी तपासून पाहता येतो. झाकणाच्या दोन सारख्या बाटल्या घ्याव्यात. एकीत नळाचे पाणी आणि दुसरीत पावसाचे किंवा शुद्धीकरण यंत्राचे पाणी तिसऱ्या हिश्शाइतके भरावे. दोन्हींत कपडे धुण्याच्या तेलाच्या साबणाचा सारखाच कीस टाकून जोराने हलवावे. डिटर्जंटची पावडर किंवा हात धुण्याचा द्रव येथे उपयोगाचा नाही, कारण त्यांना जड पाण्यातही फेस येतो आणि फरक झाकला जातो. नळाच्या पाण्यात फेस कमी आणि गढूळपणा जास्त दिसला, तर त्यात चिमूटभर सोडा टाकून पुन्हा हलवावे. फेस सुधारला तर आपल्या घरी सोड्याला काम आहे. न सुधारला तर नाही, आणि मग पुडीवर पैसे घालविण्यात अर्थ नाही.

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेकडील पूर्णा खोऱ्यात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांत, हा प्रयोग कदाचित वेगळाच निकाल देईल. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांपर्यंत पसरलेला हा खारपाणपट्टा. येथील भूजलात मिठाचे प्रमाण मोठे आहे. मीठ हे जडपणाहून निराळे दुखणे होय. साबणाच्या कारखान्यात शिजलेल्या मिश्रणातून साबण वेगळा काढण्यासाठी मुद्दाम मीठ टाकतात, कारण खाऱ्या पाण्यात साबण विरघळत नाही. तोच न्याय धुण्याच्या बादलीलाही लागू पडतो. सोडा मिठाला हात लावू शकत नाही. उलट, पाण्यातील सोडियमची भर थोडी वाढवितोच. अशा ठिकाणी साबणाऐवजी डिटर्जंट अधिक उपयोगी पडतो आणि शेवटचे खळबळून काढण्यापुरते पावसाचे साठविलेले पाणी मिळाले तर कपड्याचा कडकपणा बराच कमी होतो.

डिटर्जंट पावडर भारतात रुजली ती १९५९ मध्ये आलेल्या 'सर्फ'मुळे. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी घरच्या अंगणात पावडर तयार करून सायकलवरून विकण्यास सुरुवात केली आणि 'निर्मा'ने मध्यमवर्गाच्या खालच्या थरापर्यंत डिटर्जंट नेला. दोन्हींच्या पुडीत सोडा आहेच. किंबहुना पावडर जितकी स्वस्त तितका तिच्यात सोड्याचा वाटा सामान्यतः अधिक आणि फेनकाचा कमी, असा बाजाराचा साधारण नियम आहे. हळदीच्या पट्टीवर दोन पावडरींची सारखी द्रावणे टाकून पाहिली तर लाल रंगाच्या गडदपणावरून काहीसा अंदाज येतो. सुती चादरी आणि कामाचे कपडे यांना असा अल्क चांगला मानवतो. लोकर आणि रेशीम हे प्राण्यांपासून मिळणारे प्रथिनांचे धागे असल्याने त्यांना तो मानवत नाही. पैठणीला सोडा लावणे म्हणजे तिची चमक आपल्या हाताने उतरविणे होय.

स्वयंपाकघरात सोड्याचा खरा उपयोग तेलाच्या चिकट थरावर आहे. चिमणीची जाळी, गॅसच्या शेगडीखालचा पत्रा, पंख्याची पाती यांवर तळणीच्या वाफेने साचलेला थर वाळून राळेसारखा होतो. कढत पाण्यात सोडा विरघळवून त्यात जाळी अर्धा तास बुडवून ठेवावी. पण येथेच घरगुती पारख बहुतेक वेळा फसते. नवे द्रव्य वापरून जाळी स्वच्छ निघाली की श्रेय बाटलीला मिळते. वस्तुतः कढत पाणी आणि भिजण्याचा अर्धा तास यांचा वाटा त्यात केवढा, हे कोणी पाहतच नाही. म्हणून अर्धी जाळी केवळ कढत पाण्यात, अर्धी सोड्यात आणि शक्य तर एक कोपरा विकतच्या द्रवाने, सारखाच वेळ ठेवून पाहावा. कित्येक महागड्या बाटल्यांचे तेज अशा एका प्रयोगाने उतरते. काहींचे उतरत नाही, हेही मान्य केले पाहिजे. जुन्या जळक्या थरावर विकतचे तीव्र द्रव सोड्यापेक्षा सरस ठरतात. मात्र जाळी ॲल्युमिनियमची असेल तर सोडा नकोच. अल्क ॲल्युमिनियमला खातो. कुकरचे भांडे सोड्याने उकळल्यावर काळे पडते ते त्यामुळेच. कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियम एकत्र आले तर ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सुटतो.

ॲल्युमिनियमच्या याच स्वभावाचा एक सुंदर उपयोग आहे. खामगावची चांदी शुद्धतेसाठी दूरवर नावाजलेली, पण शुद्ध चांदीही हवेतील गंधकाने काळवंडतेच. काचेच्या किंवा चिनी मातीच्या वाडग्यात पोळ्या गुंडाळण्याचा ॲल्युमिनियमचा कागद अंथरावा, त्यावर निरांजन किंवा वाटी कागदाला टेकेल अशी ठेवावी, चमचाभर सोडा घालावा आणि कढत पाणी ओतावे. काही मिनिटांत काळेपणा नाहीसा होतो आणि कुजक्या अंड्यासारखा मंद वास येतो. घासण्याच्या पावडरीने चांदीचा सूक्ष्म थर झिजतो. येथे काळ्या थरातील चांदी पुन्हा चांदीच होते. मुद्दाम काळी झाक दिलेले दागिने, मोती आणि खडे बसविलेल्या वस्तू यांवर हा प्रयोग करू नये.

आम्लाचे काम याच्या उलट. नळाच्या तोटीवरचा पांढरा थर, गीझरच्या पाण्याने काचेवर पडलेले ठिपके, तांब्या-पितळेचा काळेपणा हे सोड्याने हलत नाहीत. तेथे चिंच, लिंबू, व्हिनेगर हवे. तोटीभोवती व्हिनेगरात भिजविलेला फडका रात्रभर गुंडाळून ठेवावा. मात्र फरशी कोणती आहे हे आधी पाहणे आवश्यक आहे. शहाबादी, कडप्पा आणि कोटा हे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत, संगमरवरही त्याच नात्यातला, आणि मोझेकमध्ये सिमेंटात संगमरवराचे तुकडे असतात. या सर्वांना आम्ल खाते. कपाटाखालच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून पाच मिनिटांनी पुसावा. जागा निस्तेज झाली तर त्या फरशीला आम्लाचे द्रव कायमचे वर्ज्य. ग्रॅनाइटचा ओटा हा थेंब सहज पचवितो.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून मोरी साफ करण्याची शिफारस सध्या जिकडेतिकडे ऐकू येते. फसफसणारा फेस पाहून फार काही घडत असल्याचा भास होतो. अल्क आणि आम्ल परस्परांना निष्प्रभ करतात आणि मागे सोडियम ॲसिटेटचे जवळजवळ निरुपयोगी पाणी उरते. बुडबुड्यांनी थोडा गाळ हलला तर हलला. दोन्ही चांगली द्रव्ये एकाच वेळी वाया घालविण्याचा हा खात्रीचा मार्ग आहे. त्यापेक्षा आधी कढत पाणी व सोडा, आणि नंतर स्वच्छ पाणी, हे बरे.

हा मिलाफ निदान निरुपद्रवी तरी आहे. शौचालयाच्या बहुतेक गडद द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ब्लीचिंग पावडर आणि कपडे पांढरे करण्याचे द्रव यांत हायपोक्लोराइट असते. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. बंद, छोट्या न्हाणीघरात तो काही क्षणांत फुप्फुसांना इजा करू शकतो. 'एकाने निघत नाही तर दोन्ही टाकू' हा विचार साफसफाईच्या ऐन भरात, दिवाळीच्या आधी, अगदी स्वाभाविकपणे सुचतो, म्हणून धोका मोठा. हायपोक्लोराइटमध्ये अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव मिसळल्यासही विषारी वायू होतो. एका द्रव्याने काम झाले नाही तर जागा भरपूर पाण्याने धुऊन, खिडकी उघडून, दुसरे द्रव्य दुसऱ्या दिवशी वापरावे. चुकून वायू सुटलाच तर भांडे आवरण्यात वेळ न दवडता बाहेर पडावे. द्रव डोळ्यात उडाल्यास वाहत्या पाण्याखाली पंधरा ते वीस मिनिटे डोळा धुवावा. पोटात गेल्यास उलटी करवू नये आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. बाटलीही रुग्णालयात बरोबर न्यावी.

सुट्या आम्लाच्या किरकोळ विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्बंध घातले. त्यानंतरही थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत फिनेल किंवा ॲसिड भरून ठेवण्याची सवय घरांतून गेलेली नाही. लहान मुलाला बाटली ओळखीची वाटते, आतील द्रव्य नव्हे. धुण्याचा सोडाही साखरेच्या किंवा मिठाच्या जुन्या डब्यात ठेवू नये. तो दिसतो तसाच.

राहता राहिला प्रश्न मूळ खाराचा. लोणारचा परिसर २००० मध्ये वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२० मध्ये त्याचा समावेश रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत झाला. गावाचे सांडपाणी सरोवराकडे उतरत असल्याची तक्रार गेली अनेक वर्षे होत आली आहे, आणि त्या सांडपाण्यात घराघरांतील साबण व डिटर्जंट असणार हे उघड आहे. काठावरची पांढरी पापडी पाहून ती पिशवीत घेण्याचा मोह पर्यटकांना होतो. विनापरवाना अभयारण्यातून अशी वस्तू उचलून नेण्यास कायद्याने मनाई आहे. शिवाय घरी आणून तिने कपडे धुऊ पाहणाऱ्याच्या पदरी निराशाच येईल. तिच्यात सोड्याबरोबर मीठही असते, आणि त्यामुळे साबणाला फेस नीट येत नाही.